प्राचार्य द. गो. कर्वे : वर्गातून मंडळाकडे



कर्वे हे नाव उच्चारताच महाराष्ट्रातील माणसाच्या डोळ्यांसमोर महर्षी धोंडो केशव कर्वे यांची मूर्ती उभी राहते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच आडनावाचे आणखी एक गृहस्थ पुण्यात होऊन गेले. सहकारी संस्थेचा प्रत्येक सभासद त्यांच्या कामाचा लाभ आजही घेत असतो. मात्र त्यांचे नाव त्याला क्वचितच ठाऊक असते. हे गृहस्थ म्हणजे प्राचार्य दत्तात्रेय गोपाळ कर्वे. त्यांचा जन्म १८९८ सालचा आणि निधन १९६७ सालचे. अर्थशास्त्राचे प्राध्यापक, वाणिज्य महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य, ग्रामोद्योगविषयक समितीचे अध्यक्ष, रिझर्व्ह बँकेचे उपगव्हर्नर आणि जगातील सहकारी चळवळीची तत्त्वे नव्याने तपासणाऱ्या आयोगाचे अध्यक्ष अशी त्यांची ओळख सांगता येते.

ही केवळ पदांची यादी आहे. पदांच्या यादीवरून माणूस कळत नाही. वाणिज्य शिकविणारा प्राध्यापक जेव्हा एखाद्या सार्वजनिक संस्थेच्या मंडळावर बसतो, तेव्हा त्याने तेथे नेमके काय करावयाचे असते, या प्रश्नाचे उत्तर प्राचार्य कर्वे यांच्या कार्यात सापडते. गावोगावच्या सेवा सोसायट्यांत, पतसंस्थांत, पाणी वापर संस्थांत आणि शिक्षण संस्थांत आज शिक्षक, निवृत्त अधिकारी व पंचायतींचे सदस्य काम करीत आहेत. म्हणून हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही.

वाणिज्याचे शिक्षण

पुण्यातील डेक्कन एज्युकेशन सोसायटीची स्थापना १८८४ साली झाली. तिच्या आजीव सदस्यांची परंपरा प्रसिद्ध आहे. अल्प वेतनावर वीस वर्षे सेवा करण्याची प्रतिज्ञा घेतलेले शिक्षकच तेथे संस्थेचा कारभारही पाहात. म्हणजे सकाळी वर्गात शिकविणारा माणूस दुपारी बैठकीत बसून इमारतीचा खर्च, शिष्यवृत्तीची रक्कम आणि देणगीचा विनियोग यांवर विचार करीत असे. प्राचार्य कर्वे या परंपरेत वाढले. संस्था चालविणे आणि विद्यार्थ्याला शिकविणे ही दोन वेगळी कामे नाहीत, हा संस्कार त्या परंपरेतच होता.

त्या काळी वाणिज्याचे उच्च शिक्षण घ्यावयाचे म्हणजे मुंबईचा रस्ता धरावा लागे. तेथील सिडनहॅम महाविद्यालय १९१३ साली सुरू झाले होते. पुण्यात सोसायटीने १९४३ साली बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय स्थापन केले आणि त्याची धुरा प्राचार्य कर्वे यांच्याकडे दिली. त्या दिवसांत वाणिज्य म्हणजे जमाखर्च लिहिण्याची कला, एवढाच अनेकांचा समज होता. पेढीवरचा दिवाणजी जे काम अनुभवाने शिकतो, त्यासाठी महाविद्यालय कशाला, असेही विचारले जाई. वस्तुतः जमाखर्च लिहिणे ही वाणिज्याची पहिली पायरी होय. पैसा कोणाचा, तो कोणाच्या हाती, त्याचा जाब कोणी कोणाला द्यावयाचा, हे ठरविणे ही त्यापुढची पायरी. प्राचार्य कर्वे यांच्या पुढील आयुष्यातील सारी कामे या दुसऱ्या पायरीवरची आहेत. त्यांनी लिहिलेल्या ग्रंथांचे विषयही संघराज्यपद्धती, हिंदुस्थानातील दारिद्र्य व लोकसंख्या, न्यायमूर्ती रानडे यांचे चरित्र असे होते. अर्थव्यवहार आणि राज्यव्यवहार यांचा विचार ते एकत्रच करीत, हे यावरून दिसते.

तपासणी आणि मूल्यमापन

देशात २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजना सुरू झाली. प्रारंभी ५५ प्रकल्प हाती घेण्यात आले. त्याच सुमारास नियोजन आयोगाने कार्यक्रम मूल्यमापन संघटना उभी केली आणि तिचे संचालकपद प्राचार्य कर्वे यांच्याकडे आले. या संघटनेची रचना विचार करण्याजोगी होती. प्रकल्प राबविणारे अधिकारी एका यंत्रणेचे, तर त्याचे मूल्यमापन करणारे दुसऱ्या यंत्रणेचे. मूल्यमापन अधिकारी प्रकल्पक्षेत्राच्या जवळ राहून पाहणी करीत. पण प्रकल्प राबविणाऱ्यांच्या हाताखाली नसत.

तपासणी आणि मूल्यमापन यांतील फरक शासकीय सेवकांना चांगला ठाऊक आहे. तपासणी विचारते की ठरलेल्या ५० विहिरींपैकी किती झाल्या. मूल्यमापन विचारते की झालेल्या विहिरींचे पाणी कोणाच्या शेताला मिळाले आणि गावाने ते काम आपले मानले काय. पहिल्या प्रश्नाचे उत्तर दप्तरात सापडते, दुसऱ्याचे गावात जाऊन शोधावे लागते. या योजनेतील लोकसहभागाच्या उणिवेकडे पुढे मूल्यमापनाच्या अहवालांनी लक्ष वेधले. १९५७ साली बलवंतराय मेहता समितीने लोकनियुक्त संस्थांकडे विकासाची जबाबदारी सोपविण्याची शिफारस केली. महाराष्ट्रात १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या कामाला लागल्या. आज ग्रामसभेत जो सदस्य उभा राहून कामाचा हिशेब विचारतो, त्याचा तो अधिकार अशा अनेकांच्या परिश्रमांतून आलेला आहे.

नियोजन आयोगाची जागा २०१५ साली नीती आयोगाने घेतली. संस्था बदलल्या, तरी काम करणाऱ्याने स्वतःच्या कामाला स्वतःच गुण देऊ नयेत, हे तत्त्व बदललेले नाही.

ग्रामोद्योगांचा प्रश्न

दुसऱ्या पंचवार्षिक योजनेची आखणी चालू असताना १९५५ साली ग्रामोद्योग व लघुउद्योग समिती नेमण्यात आली. ही समिती कर्वे समिती या नावानेच ओळखली जाते. मोठे पोलाद कारखाने उभारण्याचे ते दिवस होते. यंत्रांचा वेग वाढत असताना विणकर, चांभार, तेली, कुंभार यांच्या हातचे काम जाऊ नये, आणि तरीही त्यांची अवजारे जुनाट राहू नयेत, असा दुहेरी पेच समितीपुढे होता. पारंपरिक धंद्यांत नव्याने बेकारी निर्माण होऊ देऊ नये, अधिकाधिक लोकांना त्यांच्याच गावात काम मिळावे आणि उद्योगांची रचना खालून वर जाणारी, रुंद पायाची असावी, ही समितीच्या विचाराची दिशा होती. दुसऱ्या योजनेत ग्रामोद्योग व लघुउद्योगांसाठी २०० कोटी रुपयांची तरतूद झाली.

या धोरणाचा पुढील इतिहास प्रामाणिकपणे पाहिला पाहिजे. लघुउद्योगांसाठी काही वस्तूंचे उत्पादन राखून ठेवण्याची पद्धत १९६७ साली ४७ वस्तूंपासून सुरू झाली. यादी वाढत गेली, नंतर ती कमी करण्यात आली आणि २०१५ साली अखेरच्या २० वस्तूही तीतून वगळण्यात आल्या. केवळ राखीव क्षेत्र दिल्याने लहान कारागीर मोठा होत नाही, हे या अनुभवाने दाखविले. परंतु कारागिराला कच्चा माल, कर्ज, सुधारलेले अवजार आणि विक्रीची सोय एकत्रितपणे मिळाली पाहिजे, व ती मिळविण्याचा मार्ग सहकारी संघटनेतून जातो, हा विचार त्यामुळे खोटा ठरत नाही.

मत नव्हे, विचार

१९५१-५२ साली रिझर्व्ह बँकेने केलेल्या ग्रामीण पतपुरवठा पाहणीत असे आढळले, की शेतकऱ्याच्या एकूण कर्जापैकी सहकारी संस्थांकडून मिळणारा वाटा अवघा ३.१ टक्के होता. बाकीचा बहुतांश भार सावकार आणि व्यापारी यांच्यावर होता. म्हणून रिझर्व्ह बँकेला शहरातील पेढ्यांपलीकडे, खेड्यातील सोसायटीपर्यंत दृष्टी टाकणे भाग पडले. मार्च १९६२ ते फेब्रुवारी १९६४ या काळात प्राचार्य कर्वे बँकेचे उपगव्हर्नर होते. त्यांच्याच कारकीर्दीत, १ जुलै १९६३ रोजी, शेतीसाठी दीर्घ मुदतीच्या पुनर्वित्ताची सोय करणारे कृषी पुनर्वित्त महामंडळ स्थापन झाले. त्यातूनच पुढे १९८२ साली राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँक, म्हणजे नाबार्ड, उभी राहिली.

रिझर्व्ह बँकेच्या कायद्यात एक तरतूद आहे, तिच्याकडे लक्ष वेधावेसे वाटते. उपगव्हर्नर मध्यवर्ती संचालक मंडळाच्या सभेस हजर राहू शकतो, चर्चेत भाग घेऊ शकतो. परंतु एरवी त्याला मत देता येत नाही. म्हणजे त्या पदावरील माणसाचे बळ मोजणीच्या वेळी वर केलेल्या हातात नसते, ते त्याने मांडलेल्या विचारात असते. प्राध्यापकाला ही अवस्था परकी नव्हे. वर्गात कोणताही सिद्धान्त बहुमताने मंजूर होत नाही. तो समजावून द्यावा लागतो.

महाराष्ट्रातील सहकारी संस्थांच्या समित्यांवर तज्ज्ञ संचालक घेण्याची तरतूद २०१३ सालच्या कायदादुरुस्तीने झाली. अशा जागेवर बसलेल्या वाणिज्याच्या अध्यापकाने किंवा निवृत्त बँक अधिकाऱ्याने आपल्याला अधिकार कमी आहेत, असे मानण्याचे कारण नाही. ताळेबंदातील संशयित येणी किती आणि त्यांसाठी तरतूद किती, हे तो सभेत सोप्या शब्दांत सांगू शकतो. त्याचे म्हणणे इतिवृत्तात नोंदले जावे, असा आग्रह धरू शकतो. लेखापरीक्षकाने दाखविलेल्या दोषांचा दुरुस्ती अहवाल मागू शकतो. हे जो करीत नाही, तो तज्ज्ञ असला तरी केवळ शोभेचा संचालक होय.

व्हिएन्नाचा निर्णय

प्राचार्य कर्वे यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठे काम निवृत्तीच्या वयात त्यांच्याकडे आले. इंग्लंडमधील रॉचडेल गावी १८४४ साली २८ गरीब कामकऱ्यांनी एक लहानसे दुकान उघडले. पीठ, लोणी, साखर, मेणबत्त्या एवढाच त्यांचा माल. त्या दुकानाच्या नियमांतून सहकाराची तत्त्वे घडली. आंतरराष्ट्रीय सहकारी संघाने १९३७ साली पॅरिस येथे ती तत्त्वे निश्चित केली होती. परंतु महायुद्धानंतर आशिया आणि आफ्रिकेतील अनेक देश स्वतंत्र झाले, शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था वाढल्या, आणि जुने नियम जसेच्या तसे लागू पडेनात. म्हणून १९६३ सालच्या बोर्नमथ अधिवेशनानंतर तत्त्वांच्या फेरविचारासाठी १९६४ साली एक आयोग नेमण्यात आला. त्यात अमेरिका, सोव्हिएत रशिया, ब्रिटन आणि पश्चिम जर्मनी या देशांचे सदस्य होते. अध्यक्ष होते पुण्याचे प्राचार्य कर्वे.

तो शीतयुद्धाचा काळ होता. अमेरिकेचा आणि रशियाचा प्रतिनिधी एका कागदावर सही करतील, अशी आशा बाळगणे तेव्हा सोपे नव्हते. तरीही आयोगाने अहवाल तयार केला आणि १९६६ साली व्हिएन्ना येथील अधिवेशनाने सहा तत्त्वे स्वीकारली. सभासदत्व खुले व ऐच्छिक असावे. कारभार लोकशाही पद्धतीने चालावा. भागभांडवलावरील व्याज मर्यादित असावे. शिलकीची वाटणी न्याय्य रीतीने व्हावी. सभासद, पदाधिकारी, सेवक व जनता यांच्या शिक्षणाची सोय असावी. आणि सहकारी संस्थांनी परस्परांशी सहकार्य करावे, ही ती सहा तत्त्वे होत. यांतील सहावे तत्त्व नवे होते.

जे वगळले गेले, तेही समजून घेण्यासारखे आहे. रोखीने व्यवहार हा रॉचडेलचा जुना नियम होता. उधारीवर माल घेऊन कर्जात बुडणाऱ्या कामकऱ्याला त्यापासून वाचविण्यासाठी तो हितकारकच होता. परंतु खरिपाच्या तोंडावर बियाणे व खत घेणाऱ्या आणि पीक हाती आल्यावर पैसे फेडणाऱ्या शेतकऱ्याला तो नियम सांगून काय उपयोग? त्याची सोसायटीच मुळी पतपुरवठ्यासाठी असते. म्हणून रोखीचा व्यवहार ही चांगली सवय असली, तरी ते सर्व सहकाराचे मूलतत्त्व मानता येणार नाही, हे मान्य झाले. राजकीय व धार्मिक तटस्थतेचा स्वतंत्र नियमही राहिला नाही. सभासदत्व देताना सामाजिक, राजकीय, वांशिक वा धार्मिक भेदभाव करता येणार नाही, हे पहिल्याच तत्त्वात घालण्यात आले. नियमाचे शब्द आणि नियमाचा हेतू यांतील अंतर ओळखणे, हे चांगल्या शिक्षकाचे लक्षण आहे. आयोगाच्या कामात ते पदोपदी दिसते.

मँचेस्टर येथे १९९५ साली या तत्त्वांचा पुन्हा विचार झाला आणि स्वायत्तता व समाजाविषयी आस्था यांचा समावेश होऊन त्यांची संख्या सात झाली. शिक्षणाचे तत्त्व मात्र तेव्हाही कायम राहिले.

तत्त्व गावात कसे उतरते

ही तत्त्वे परदेशातील अधिवेशनात मंजूर झाली, त्यांचा आपल्या सोसायटीशी काय संबंध, असे कोणी विचारील. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० उघडून पाहिल्यास तो संबंध दिसतो. एका सभासदास एकच मत, मग त्याचे भाग कितीही असोत. निव्वळ नफ्यापैकी किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकला पाहिजे. लाभांश १५ टक्क्यांहून अधिक देता येत नाही. सभासदांच्या शिक्षण व प्रशिक्षणाची तरतूदही आहे.

समजा, एखाद्या विविध कार्यकारी सेवा सोसायटीला वर्षाअखेर १,००,००० रुपये निव्वळ नफा झाला आणि तिचे भागभांडवल २,००,००० रुपये आहे. यांपैकी २५,००० रुपये राखीव निधीत जातील. लाभांश जास्तीत जास्त ३०,००० रुपये वाटता येईल. उरलेल्या ४५,००० रुपयांतून कायद्याने व उपविधींनी सांगितलेल्या अन्य निधींची तरतूद करून बाकीचा विनियोग सर्वसाधारण सभेने ठरवावयाचा. हा हिशेब प्राथमिक शाळेतील सातवीचा विद्यार्थीही करू शकेल. तरीही किती सभांमध्ये तो फळ्यावर मांडून दाखविला जातो? अनेक ठिकाणी अहवाल वाचल्याप्रमाणे समजून मंजूर होतो, चहापान होते आणि सभा संपते. ज्या सभासदाला हिशेब कळत नाही, त्याचे मत त्याच्या हाती राहात नाही. ते मत हिशेब कळणाऱ्याच्या हाती जाते. संस्था मूठभरांच्या ताब्यात जाते ती बहुधा अशा मुकाट्याने मिळालेल्या मंजुरीतून. शिक्षणाचे तत्त्व इतर पाच तत्त्वांचा आधार का आहे, ते येथे कळते.

प्राचार्य कर्वे यांचे समकालीन प्राध्यापक धनंजयराव गाडगीळ यांचे उदाहरण या संदर्भात महाराष्ट्राला परिचित आहे. पुण्यातील गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक असतानाच त्यांनी लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या प्रवरा सहकारी साखर कारखान्याचे अध्यक्षपद सांभाळले. एकीकडे शेतकऱ्यांची जिद्द, दुसरीकडे अभ्यासकाची शिस्त, असा तो योग होता. मंडळावर बसलेल्या प्राध्यापकाने शेतकऱ्याच्या वतीने निर्णय घ्यावयाचे नसतात. शेतकऱ्याला आपला निर्णय समजून उमजून घेता यावा, यासाठी त्याने तेथे बसावयाचे असते, हे त्या कारखान्याच्या पहिल्या दशकाने दाखवून दिले.

आजचे कर्तव्य

प्राचार्य कर्वे यांचा खरा परिचय करून घ्यावयाचा, तर त्यांची तसबीर लावून भागणार नाही. शिक्षकांनी आपल्या गावच्या सोसायटीचा ताळेबंद सभेपूर्वी आठ दिवस चावडीवर किंवा शाळेच्या ओट्यावर बसून चार सभासदांना समजावून द्यावा. सहकार व ग्रामविकास खात्यांच्या अधिकाऱ्यांनी भेटीच्या वेळी दप्तर पाहून झाल्यावर दोन सामान्य सभासदांशी बोलावे आणि त्यांना संस्थेविषयी काय ठाऊक आहे, ते विचारावे. पंचायतीच्या सदस्यांनी ग्रामसभेपुढे खर्चाचा तपशील वाचताना आकड्यांबरोबर त्यांचा अर्थही सांगावा. यांपैकी कोणत्याही कामासाठी नवीन शासननिर्णयाची गरज नाही.

मंडळावर बसणाऱ्या शिक्षित माणसाच्या यशाची कसोटी साधी आहे. तो आला तेव्हा सभेत प्रश्न विचारणारा तो एकटाच असेल. तो निवृत्त होईल तेव्हा प्रश्न विचारणारे वीस जण तयार झालेले असले पाहिजेत. शिक्षकाच्या धंद्यात विद्यार्थी आपल्यापुढे गेला की आनंद मानतात. सार्वजनिक संस्थेतही तीच रीत पाळली, तर पुण्याच्या या वाणिज्य प्राचार्यांनी व्हिएन्नापर्यंत नेलेला विचार पुन्हा आपल्या गावी परत आला, असे म्हणता येईल.